सहावी खाच

माझ्या पूर्वेच्या अंगावर नऊ रेघा आहेत आणि पश्चिमेच्या अंगावर सहा खाचा. रेघा एकमेकींपासून बरोबर फुटाफुटावर आहेत. खाचा मात्र जागा मिळेल तशा. मित्रांनो, रेवसच्या दक्षिणेला एक लहानसा कोळीवाडा आहे. त्याच्या धक्क्यापुढे चिखलात उभा असलेला जुना सागवानी खांब तो मी.

आधी मी एका मचव्याची डोलकाठी होतो. मचवा फुटला, मी उरलो. १९४७ च्या नोव्हेंबरात सरकारी ओव्हरसियर आले. त्यांनी माझा बुंधा डांबरात बुडवला, मला इथे पुरलं, पट्टी लावून रेघा कोरल्या आणि त्यांत पांढरा रंग भरला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी माझ्या आठव्या रेघेला लागे. अष्टमीच्या सुमाराला भरती तिसऱ्या रेघेवरच थांबे. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे बघितल्याशिवाय होडी निघत नसे. मग रंग उडाला, अंगावर कालवं चढली, आणि मी दोर बांधायचा नुसता खुंटा झालो.

१९५८ साली धक्क्यावरच्या धर्माजीच्या दुकानात गावाचा रेडिओ बसला. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर गुप्तहेर मकरंदची श्रुतिका लागे. धर्माजी समुद्रापासून लांबच्या भातशेतीतला माणूस. मकरंदचा शब्द त्याला वेदवाक्य. सदा कोळ्याची बायको नलूही माझ्या शेजारी, धक्क्याच्या कडेला सुकट निवडत ऐकायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण कान तिखट होता. गोष्टीत चूक सापडली की ती कोयत्याने माझ्यावर एक खाच पाडी.

"पयल्या भागात मकरंदच्या मामाचा डावा कान बहिरा व्हता, आज उजवा झाला!"

"गोष्ट हाय ती, नलूबाय," धर्माजी चिडून म्हणे.

"म्हणून मेलेला मानूस पाचव्या भागात जेवाय बसंल? त्याला वाढलं कुनी?"

सहावी खाच तिने हसत हसतच पाडली. त्या गुरुवारी मकरंदने सांगितलं होतं, की अष्टमीला भर दुपारी, भरती ऐन भरात असताना, खुन्याची होडी धक्क्याला लागली. सगळा कोळीवाडा हसला. कोळ्यांचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी.

पुढे मार्गशीर्षात भागोजीचं नवं जाळं कुणीतरी चोरून नेलं. चौकशीला पोलीस पाटील येसाजी आला. तो वरच्या गावचा शेतकरी. चिखलाशी त्याचं नातं भाताच्या खाचरापुरतं. त्याच्यापुढे धर्माजीने साक्ष दिली.

"परवा, वद्य अष्टमीला भर दुपारी, भरती ऐन भरात असताना सदाची होडी खांबाला लागली. तिच्यात जाळं व्हतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

नलूच्या हातातली सुकट खाली पडली. "पाटील, ही साक्ष न्हाय, ही गुरुवारची गोष्ट हाय! त्या वक्ताला खांबाशी पानीच नसतं."

"तुम्ही कोळी एकमेकांचीच री ओढणार," येसाजी म्हणाला. "भरतीचं रेडिओवर पन सांगितलं व्हतं. मी सोता ऐकलंय. रेडिओ सरकारी हाय. सरकार खोटं बोलंल व्हय?"

नलू माझ्याजवळ आली आणि कोयत्याच्या पाठीने माझ्या अंगावरची कालवं खरवडू लागली. किती वर्षांनी माझ्या रेघांना ऊन लागलं!

"ह्या रेघा बी सरकारनीच काढल्यात, पाटील," ती म्हणाली. "येत्या अष्टमीला या आनि मोजा."

येसाजीने रेघांवरून बोट फिरवलं. "मोजतो. तवर सदाची होडी वाळूवर. खांबाशी पानी निघालं, तर सदाला बेडी घालून अलिबागला धाडीन."

तेरा दिवस सदाची होडी वाळूवर होती. इतर होड्या जात-येत राहिल्या. सदा रोज आपल्या होडीच्या त्याच फळीला तेल लावत बसे. नलूने माझ्याकडे पाहून बोटांवर तिथी मोजली नाही असा एक दिवस गेला नाही.

मित्रांनो, धर्माजी मुद्दाम खोटं बोलला, की ऐकलेलं त्याला पाहिलेलं वाटू लागलं, हे मला ठाऊक नाही. मनातलं मोजायच्या रेघा माझ्यावर नाहीत. गोष्टी तुम्ही जरूर ऐका. पण कुणाविरुद्ध तोंड उघडण्याआधी एकदा पाणी बघून या. आणि तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी जुनी खूण असेल, तर तिच्यावर कालवं चढू देऊ नका. कधी कुणाचं घर तिच्या भरवशावर उभं असतं.

पौष शुद्ध अष्टमीला सगळा गाव धक्क्यावर जमला. सदा समुद्राकडे पाठ करून होडीला टेकून बसला होता. येसाजीने खिशातलं घड्याळ काढलं. बारा वाजले. त्याने दोरीचं एक टोक धर्माजीच्या हाती देऊन माझ्या बुंध्याशी धरायला लावलं. दुसरं टोक घेऊन नलू चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत पाण्याच्या कडेपर्यंत गेली. येसाजीने दोरी दोनदा मोजली आणि वहीत लिहिलं: खांबापासून पाणी बावीस हात.