रस्त्याला घातलेली गोधडी

ताटलीएवढे एक लोखंडी झाकण. त्याखाली जमिनीत उभी पुरलेली एक जाड नळी. त्या नळीच्या आत दोन मीटर लांबीची दुसरी, पारदर्शक नळी. तिच्या पोटात बारीक वाळू, वाळूत मुरलेले निळे पाणी आणि अंगावर वरपासून खालपर्यंत सेंटिमीटरच्या काळ्या रेघा. दोन्ही टोकांना रबरी बुचे, आणि वरच्या बुचाला ओढून काढण्यासाठी दोरीचा फास. या खड्ड्यात एवढेच आहे. मित्रांनो, यातली आतली पारदर्शक नळी म्हणजे मी.

उत्तर ऑन्टारिओतल्या सेंत-ओदील गावाकडे खडीचा एकच रस्ता जातो. तो दलदलीतून जातो तिथे तीनशे मीटरचा सखल पट्टा आहे. त्या पट्ट्यात, डाव्या चाकाच्या वाटेला लागून मी राहते.

माझे काम सोपे आहे. पाणी गोठले की त्यातली निळाई निघून जाते आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. हिवाळ्यात थंडी जमिनीत खाली खाली उतरते, तसा माझ्या पोटातला पांढरा भाग वाढत जातो. मला वर ओढून काढा, पांढरे कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते वाचा, की रस्ता आत किती गोठला आहे ते कळते.

आमच्याकडची माती गाळाची. गोठताना ती खालचे पाणी वर शोषून घेते आणि आत बर्फाचे पातळ थर साठवते. मग रस्ता जागोजागी फुगतो. शेजारून जाणारा रेल्वेचा रूळही फुगतो. तिथली माणसे हिवाळाभर रुळाखाली लाकडाच्या चकत्या सारून त्याला सपाट ठेवतात. पण खरा धोका वसंतात असतो. ऊन वरून बर्फ वितळवते, खाली मात्र बर्फाची लादी तशीच असते. मधले पाणी जाणार कुठे? ते तिथेच थांबते, आणि रस्ता परातीतल्या सैल कणकेसारखा होतो. वरून पाहाल तर खडी कोरडी आणि शहाणी दिसते. म्हणून माझे दोन्ही आकडे वाचावे लागतात. खालचाही आणि वरचाही.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कार्यशाळेत झाला. एका बाईने माझ्यात चमच्या-चमच्याने वाळू भरली, आणि आत बुडबुडा राहू नये म्हणून मला टिचक्या मारत ती गुणगुणत होती. मला इथे पुरले त्यानंतरच्या पहिल्याच वसंतात माझा आकडा पाहून रस्त्याकडेला पाटी लागली : जड गाड्यांनी अर्धाच भार न्यावा. त्या वर्षी रस्ता फुटला नाही. पाद्रीबाबांनी रविवारी चर्चमध्ये ‘आपली निळी नळी’ असा माझा उल्लेख केला, असे मी नंतर ऐकले. खरे सांगते, मला अभिमान वाटला.

मग दिवस पालटले. पाटी दरवर्षी ठरलेल्या तारखेलाच लावायची, असे कोणीतरी ठरवले. माझ्या झाकणावर खडी पसरली. कितीतरी वसंत मी खाली अंधारात निळी-पांढरी होत राहिले आणि मला कुणी विचारले नाही. एका वर्षी फेब्रुवारीतच उष्ण वारे सुटले. पाटीची तारीख यायची होती. शाळेची बस माझ्यापासून थोड्याच अंतरावर रुतली. चाकांच्या खुणा गुडघाभर खोल गेल्या. बस चालवणाऱ्या फ्लोरेट गाबुरीने एकेका पोराला पाठीवर घेऊन कोरड्या जागी पोचवले. त्यानंतर रस्त्यांची जबाबदारी तिच्या धाकट्या भावाकडे, ऑरेलकडे आली. त्याने पहारीने खडी उकरून माझे झाकण शोधले, मला वर काढले, बाहीने पुसले आणि म्हणाला, “माफ कर गं बाई.”

आता ज्या वसंतासाठी मी हे सांगते आहे, त्याकडे येते.

फ्लोरेटने आणि तिच्या नवऱ्याने दलदलीपलीकडे नदीच्या काठावर स्वतःच्या हातांनी घर बांधले होते. शरद ऋतूतल्या पुराने काठाचा मोठा लचका तोडला. नदीवरचा बर्फ फुटला की पुढचा लचका घरासकट जाईल, असे पाहणी करणाऱ्यांनी सांगितले. तिने गावात चर्चमागे जागा घेतली. घर पायावरून सोडवून तुळयांवर ठेवले. पुष्कळ चाकांच्या गाडीवर ते उचलून नेण्यासाठी दोनात प्लूर्द नावाचा माणूस ठरला. नवरा खाणीवर कामाला होता, आणि सगळे तिच्या एकटीवर आले होते.

सोमवारी ऑरेलने मला वर काढले. मुलांना शाळेत सोडून फ्लोरेटची रिकामी बस तेवढ्यात आली.

“किती?” तिने खिडकीतूनच विचारले.

“वरून तीन सेंटिमीटर सुटलंय. खाली पार एकशे सत्तरपर्यंत बर्फ. वरून पाच सुटेपर्यंत मी परवानगीवर जड गाडी सोडतो. पाचाच्या वर कुणालाच नाही.”

“मग आजच नेते घर.”

“कशावर? डोक्यावर?”

“तेच तर! दोनातच्या गाडीचा कणा मोडलाय. शनिवारी येतो म्हणतोय.”

ऑरेलने आभाळाकडे पाहिले. एक ढग नव्हता. “हे ऊन शनिवारपर्यंत राहिलं तर पंधरा-वीसपर्यंत जाईल, ताई.”

“पहाटे नेऊ. पहाटे कडक असतो रस्ता.”

“वरची साय कडक असते. खाली खीर.”

“ऑरेल्या, सख्ख्या बहिणीचं घर आहे.”

“म्हणून तर! गेल्या वसंतात सहाच सुटलं होतं, तरी लाकूड कारखान्याचा ट्रक मी इथूनच परत पाठवला. तुला सोडलं तर गाव मला सोडेल का? आणि रस्ता फुटला की पलीकडची सगळी घरं महिनाभर अडकली. परत पोरं पाठीवर नेशील?”

फ्लोरेट खाली उतरली. “आणि घर नदीत गेल्यावर मी कुठे राहू? तुझ्या ह्या नळीत?”

“ताई...”

“एवढा जीव आहे ना रस्त्यावर? मग गोधडी घाल त्याला! आईची चिंध्यांची आहे माझ्याकडे, देते पाठवून!”

दार आपटून बस गेली. ऑरेल मला हातात धरून तसाच उभा राहिला. एरवी तो मला लगेच खाली सोडतो. त्याच्या मुठीच्या उबेने माझा बर्फ सुटेल की काय, अशी मला काळजी वाटू लागली.

“गोधडी,” तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, गोधडी स्वतः ऊब देत नाही. ती आतले आत ठेवते आणि बाहेरचे बाहेर. माणसाला पांघरली तर ऊब टिकते, बर्फाला पांघरली तर गारठा टिकतो. आमच्याकडे ही गोधडी डोंगराएवढी पडून होती : कारखान्यातल्या सालींचा आणि भुश्याचा ढीग. पण तो मागायचा होता त्याच कारखान्याकडे.

“म्हणजे माझा ट्रक चालत नाही, पण माझा भुसा चालतो?” असे तिथला साहेब फोनवर ओरडला, आणि ते ऑरेलच्या कानाजवळून मलाही ऐकू आले. मग थोड्या वेळाने तोच हसला. “ने. पण उद्या माझा माल अडला तर मला पण पांघरूण घाल.”

दुपारपासून अर्ध्या भाराचे ट्रक येऊ लागले. गावातली माणसे बर्फ ओढायची फावडी घेऊन आली आणि तो सगळा सखल पट्टा वीतभर जाड सालींनी झाकला गेला. फ्लोरेट मटाराच्या सुपाचे पातेले घेऊन आली. तिने भावाच्या वाडग्यात सगळ्यांपेक्षा एक पळी जास्त वाढली, पण तोंड उघडले नाही.

“बोलणार नाहीस का?” त्याने विचारले.

“तुझ्याशी बोलायला नळी आहे की.”

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. माझे झाकण पुन्हा हरवू नये म्हणून ऑरेलने त्याच्याभोवती सालींत गोल आळे मोकळे सोडले आणि शेजारी एक काठी रोवली. मला ते मोठे मायेचे वाटले.

शनिवारी सकाळी दोनात आला. पुष्कळ चाकांवर घर दलदलीच्या काठाशी येऊन उभे राहिले. खिडक्यांचे पडदेसुद्धा तसेच होते. सगळे माझ्याभोवती जमले. ऑरेलने फास ओढून मला बाहेर काढले, उजेडात धरले आणि माझ्या रेघा दोनदा मोजल्या.

“चौदा,” तो शेवटी म्हणाला.

इकडे राग आला की शिव्या म्हणून चर्चमधल्या वस्तूंची नावे घेतात. दोनातने मेणबत्तीपासून वेदीपर्यंत एकही सोडली नाही. “आणि आता काय, अख्खं घर घेऊन मागे फिरू?”

“चौदा म्हणजे नाही,” ऑरेल म्हणाला. बहिणीकडे त्याने पाहिले नाही.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण नळीला तोंड नसते, फक्त रेघा असतात. मी खोटे बोलले नव्हते. माझ्या पोटात चौदा सेंटिमीटर निळे होतेच. पण ते माझ्यापुरते खरे होते. आठवडाभर उघडे लोखंडी झाकण ऊन पीत होते आणि ती उष्णता बाहेरच्या नळीतून खाली उतरत होती. सगळा रस्ता गोधडीत होता. डोके तेवढे माझे बाहेर होते.

फ्लोरेट भांडली नाही. ती रस्त्यातच खाली बसली आणि हातमोजे काढून तिने डोळे पुसले. मग उठण्यासाठी तिने हात टेकला तो नेमका बाजूला ठेवलेल्या झाकणावर, आणि झटकन मागे घेतला.

“अरे, हा तर तवा झालाय!”

तिने दुसरा हात जरा पलीकडे सालींच्या खाली खुपसला. “आणि इथे बोटं बधिर होतायत. ऑरेल्या, इकडे बघ. हात घाल इथे!”

ऑरेल गुडघ्यावर बसला. त्याने झाकणाला हात लावला, मग सालींखाली, मग पुन्हा झाकणाला. “पहार द्या,” तो म्हणाला.

साली सारून त्याने पहार मारली. ती खणकन थांबली. बर्फावरची ओल मोजली : चार सेंटिमीटर. दोनात गाडीकडे धावू लागला, पण ऑरेलने त्याला थांबवले. “एका जागेवर नाही. आत्ताच एका जागेवर विश्वास ठेवून फसत होतो.” तो दोन्ही चाकांच्या वाटांनी पट्ट्याच्या टोकापर्यंत पहार मारत गेला आणि परत आला. फ्लोरेट मोजपट्टी घेऊन त्याच्या मागे होती. सगळ्यात जास्त ओल साडेचार भरली.

“आता जाऊ, की अजून कुणाला विचारायचंय?” दोनात म्हणाला. “पाद्रीबाबा आहेत, नदी आहे...”

“जा. हळू जा, पण मध्ये थांबू नकोस.”

ऑरेलने मला खाली सोडले आणि झाकणावर ओंजळीने साली ओढल्या. मग वजन आले. एकामागून एक चाके माझ्या शेजारून गेली. भोवतीचा बर्फ करकरला, आवळला, आणि त्याने धरून ठेवले. सालींमुळे चाकांचा आवाज येत नव्हता. फक्त भिंतीला हात लावून चालणाऱ्या फ्लोरेटचे बूट ऐकू येत होते.

पुढच्या दोन दिवसांत साली खरडून काढल्या, म्हणजे रस्ता वेळेवर वाळेल. माझ्या झाकणाला आता पांढरा रंग आहे आणि त्याखाली फोमची जाड चकती. नदीचा बर्फ फुटला तेव्हा काठ घसरला, आणि घराचा रिकामा पाया पाण्यात गेला.

मित्रांनो, तुमच्या गावीही जमिनीत, भिंतीत, पुलाखाली माझ्यासारखे कुणीतरी मुकाट्याने मोजत बसलेले असेल. त्याच्यावर खडी पडू देऊ नका. त्याला वेळच्या वेळी विचारा. आणि त्याने आकडा सांगितला की क्षणभर त्याच्या झाकणालाही हात लावून बघा. ते कुठल्या उन्हात बसले आहे ते त्याला स्वतःला सांगता येत नाही.

त्या शनिवारी घर गावात पोचल्यावर बहीणभाऊ परत माझ्याकडे आले. ऑरेलने चाकाच्या वाटेवरच्या साली हाताने झाडल्या आणि खुणेवर एक सरळ फळी आडवी ठेवली. फ्लोरेटने फळीखाली मोजपट्टी उभी धरली आणि आकडा मोठ्याने वाचला. चाकाच्या खुणेची खोली सहा मिलिमीटर भरली.