रोलमधला शेवटचा वणवा

"वणवा हा निसर्गाचा महायज्ञ आहे आणि छायाचित्रकार हा त्याचा एकमेव साक्षीदार!" आर्णीच्या भगवानराव ठमक्यांनी घरात जाहीर केलं.

"अहो साक्षीदार, जाता जाता दळण टाकजा," त्यांची बायको सत्यशीला आतून म्हणाली.

भगवानरावांचं बियाण्यांचं दुकान. कापसाने असे दिवस दाखवले होते की गिऱ्हाइकापेक्षा छंदालाच जास्त वेळ मिळे. मागच्या साली नागपूरच्या एका पेपरच्या फोटो स्पर्धेला त्यांनी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीचे फोटो पाठवले. उत्तर आलं : दुःख भरपूर जमलं आहे, यंदा शौर्य पाठवा.

शौर्य आज तांड्यामागच्या जंगलात पेटलं होतं आणि आगीचा बंब निघाल्याची पक्की खबर होती. रोलमध्ये मात्र एकच फोटो उरलेला. बाकीचे मेहुणीच्या पोरीच्या साक्षगंधात खर्ची पडले. तो एक बंबवाल्यांसाठी राखून भगवानराव पळसाखाली दबा धरून बसले.

समोर तांड्यातली माणसं ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. जाळ त्यांच्यातल्या लीलाबाईच्या कुटाराच्या ढिगाकडे सरकत होता, आणि तिच्या बैलांचा वर्षाचा चारा म्हणजे तेवढाच ढीग.

"भाऊ, फोटो मंग काढजा, पह्यले एक फांदी धरा!" लीलाबाई ओरडली.

कॅमेरा गळ्यात असला की भगवानराव पुस्तकी बोलत. "बाई, मी कलावंत आहे."

"असू द्या, आमी कोनाले सांगत नाही."

तिचा दीर प्रेमसिंग धुरातून खोकत आला. "आमचाच काढा ना. आमीच तं इझवून राह्यलो."

"ते दिसतंय. पण शूर कुठे दिसताय? टोप नाही, बूट नाही. सरका, मधे येताय."

खालून हॉर्न ऐकू आला. भगवानरावांनी फोकस लावला. हॉर्न वाजतच राहिला, बंब काही वर येईना. तेवढ्यात तांड्याने जाळ कुटारापासून चार हातांवर गाठला आणि झोडपून झोडपून मारला. ढीग वाचला. लीलाबाई मटकन खाली बसली.

भगवानरावांचा आवाज भरून आला. "जरा दम धरायचा! आता बंबवाल्यांनी येऊन काय विझवायचं?"

आणि खरंच, धुरातून खाकी कपड्यांतला, टोप घातलेला एक जण पायी चढून आला. घामाने निथळत होता, चेहरा लालबुंद. भगवानरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"तसेच या! छाती पुढे! नजर आगीकडे!"

तो नजर यांच्याकडेच ठेवून जवळ आला.

"भाऊ, खाली गाडरस्त्यात आडवी लावलेली स्कूटर तुमची काय? जराशी बाजूले घेता?"