पायाखालची माती

"हे भोक पाडलंस की उंदराने बीळ केलंय?" ताईने विचारलं.

कारागिराने ड्रिल बंद केलं. "भोक जरा तिरकं गेलं तरी चालतं, मावशी. माल आत गेल्याशी मतलब."

"मी तुझी मावशी नाही. सिस्टर म्हण."

"बरं, सिस्टर."

ताई मोठ्या रुग्णालयात हेडसिस्टर होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जग तिच्या लेखी अजूनही एक गलथान वॉर्ड होतं. त्यात डॉक्टर बावळट, पेशंट नाटकी आणि मी, तिचा धाकटा भाऊ, गोगलगाय. हे नाव तिने मला लहानपणीच ठेवलं. ते बदलावं असं मी आजवर काही केलं असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या घराभोवतीचं काँक्रीट खचलं होतं. मागच्या दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर मोठे चौकोन आहेत. ते भिंतीच्या बाजूने खाली बसले होते. ताई तिथे दोनदा पडली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं, तेव्हा तिचा मुलगा आला आणि आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी केल्याचं सांगू लागला. खोली एकच होती. मामाचं काय, हे त्याने काढलं नाही. मीही विचारलं नाही.

"मी का येऊ?" ताई तेव्हा म्हणाली होती. "ज्या गाढवाने हे काँक्रीट ओतलं, त्याने खालची माती ठोकून बसवली नाही. उद्या चूक माझी निघाली तर बॅग भरून आपणहून येईन. तोवर त्या फ्लॅटचं नाव काढू नकोस. तुमच्या लिफ्टमध्ये जी गाणी वाजतात ती मला मयतालासुद्धा चालणार नाहीत."

भाचा हसला. लोकांची कीव करण्यासाठी त्याच्याकडे एक वेगळं हसू आहे, हप्त्याने घेतल्यासारखं.

हा कारागीर त्यानेच शोधला. चौकोन फोडायचे नाहीत. भोकं पाडायची आणि सिमेंट-मातीचा पातळ माल पंपाने आत ढकलायचा, की चौकोन खालून उचलला जातो.

"म्हणजे इंजेक्शनच की," ताई म्हणाली. "आणि देणाऱ्याचा हात हा असा. पेशंट गेलाच म्हणायचा."

कारागीर तोंडाचा फटकळ नव्हता, नुसता बडबड्या होता. कुणाकुणाचे बंगले आपण उचलले ते सांगत होता, जणू ते बंगले इतके दिवस याच्याच खांद्यावर होते. बोलता बोलता त्याने भोकात सळई घातली. ती कुठे अडलीच नाही. त्याची मूठ काँक्रीटला टेकली.

"खाली सगळं पोकळ आहे," तो म्हणाला. मग वाकून त्याने भोकाला नाक लावलं. "सिस्टर, इथून दवाखान्याचा वास येतोय."

मीही वाकलो. फिनाईल.

रोज सकाळी घर पुसून झालं की ताई फिनाईलची बादली दाराबाहेर, भिंतीच्या कडेला उपडी करायची. पुसलेलं पाणी घरातल्या मोरीत ओतायचं नाही, हा तिचा वॉर्डातला नियम. तो मोडणाऱ्या शिकाऊ नर्सेस तिने रडवल्या होत्या. ते पाणी कडेच्या फटीतून खालची माती घेऊन जात होतं, आणि वरून भिंतीची कड लखलखत होती.

"इथे पाणी कोण ओततं?" कारागिराने विचारलं. नेमका तेव्हाच भाचा फाटकातून आत येत होता. गिऱ्हाईक आलेलं बघून कारागिराला आणखी चेव चढला. "साहेब, मूळचं काम पक्कं होतं बरं का. माती पाण्याने नेलीय. फिनाईलच्या पाण्याने."

भाच्याने आईकडे पाहिलं.

"मी ओततो," मी म्हणालो. आवाज फारच बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणालो.

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती सुरू झाली. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. या माणसाला जन्मात एक बादली धड रिकामी करता आली नाही. पुस्तकात तोंड खुपसून बसायचं, आणि उठलं की नासधूस."

तिला रंग चढत होता. मलाही बरं वाटत होतं. भाच्याला सगळं पटलं. माझा कुठलाही मूर्खपणा पटायला त्याला कष्ट पडत नाहीत.

"मग सोपं झालं," तो म्हणाला. "आई, तू इथेच राहा खुशाल. मामांची सोय करतो. ओळखीचा वृद्धाश्रम आहे. हे इथे असले तर पुन्हा खचायचं सगळं."

पंप सुरू झाला. पहिला चौकोन इतका सावकाश वर येऊ लागला, की तो येतोय हे खचल्यामुळे भिंतीवर उघडी पडलेली मळकी पट्टी झाकली जायला लागल्यावरच कळलं. ताई त्या पट्टीकडे बघत उभी होती. तिने गप्प राहावं असं मला वाटत होतं. राहू नये असंही वाटत होतं.

"बंद कर ते," ती कारागिराला म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तुला अक्कल कधी येणार रे? याचे हात बघ. याला भरलेली बादली उचलता तरी येईल? आणि घर पुसताना कधी बघितलंस याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी ओतत होते. रोज. हा बावळट खोटं बोलला आणि तू ते गिळलंस. एका माळेचे मणी."

भाच्याने ते हसू काढलं. "असू दे गं आई. आता कळलंय ना, ओतू नकोस म्हणजे झालं."

"तुझी कीव तुझ्याकडेच ठेव. मी बोलले होते, बॅग भरते. हा मात्र इथेच राहील. याला हलवलंस तर बघ."

"ताई," मी म्हणालो.

"तू गप्प बस. आज पुष्कळ बोललास."

ती निघाली तेव्हा काम संपलं होतं. सगळे चौकोन एका पातळीत आले होते. "बघा, सिस्टर," कारागीर म्हणाला. ताईने बघितलं, आणि कडेची फटही बुजवायला सांगितलं.

भाच्याने आधारासाठी हात पुढे केला. तिने त्या हातात बॅग दिली. बुजवलेल्या भोकांतलं सिमेंट अजून ओलं होतं. त्यावर पाय पडू नये म्हणून एकेक भोक चुकवत ती फाटकापर्यंत एकटी चालत गेली.