शाफ्टचे दोन कान

मनमोहन विजयकरांच्या १९७८ सालच्या ॲम्बेसेडरला 'गाडी' म्हणणारा आमच्या सोसायटीत एकच माणूस होता, ते स्वतः मनमोहन विजयकर. बाकीचे तिला 'अडचण' म्हणत. शिवाजी पार्कासमोरच्या इमारतीत कंपाउंडातली जागा एकदा एखाद्या गाडीला मिळाली की ती सुटत नाही. मुलं निदान अमेरिकेला तरी जातात.

सेक्रेटरी हितेंद्रनं शेवटी ठराव पास करून घेतला: जी गाडी स्वतःच्या चाकांवर पार्काला एक फेरी मारून परत येणार नाही, तिची जागा वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या सभासदाला. त्या लिस्टवर पहिला हितेंद्रच होता. पण असल्या योगायोगाचा मोठेपणा त्यानं कुठे मिरवला नाही. फेरी रविवारी सकाळी आठला.

ॲम्बेसेडर चालू व्हायची. पण गिअर टाकला की तिच्या पोटाखालून खाट्‌कन आवाज यायचा आणि कट्ट्यावरचे म्हातारे छातीला हात लावायचे. मनमोहनरावांनी लालबागहून मेकॅनिक धोंडू परबला बोलावलं. तो गाडीखाली गेला, काहीतरी हलवलं, बाहेर आला.

"साहेब, शाफ्टचे दोन्ही क्रॉस खल्लास. इंजिनचा जोर ह्या दांड्यानं मागच्या चाकांना जातो, क्रॉस म्हणजे त्याच्या दोन टोकांचे सांधे, आणि सांधेच ढिले. गुडघ्यासारखं समजा."

"माझे गुडघे उत्तम आहेत," मनमोहनराव म्हणाले.

शुक्रवारी धोंडूनं शाफ्ट खाली उतरवला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. तुकडे सुटे करण्याआधी त्यानं दोन्हींवर छिन्नीनं एकेक खूण मारली. जुने क्रॉस ठोकून काढले, नवे बसवले. बोल्ट झिजलेले निघाले, म्हणून उद्या नवे आणतो म्हणाला आणि शाफ्ट वर्तमानपत्रावर ठेवून गेला.

विजयकरांच्या घरात पितळेच्या समईवर पाण्याचा डाग खपत नाही. वडिलांच्या गाडीच्या शाफ्टवर छिन्नीचे ओरखडे कसे खपावेत? मनमोहनरावांनी तुकडे रॉकेलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले आणि वर रुपेरी रंगाचे दोन हात दिले. इतकं मन लावून त्यांनी उभ्या नोकरीत काम केलं नव्हतं.

शनिवारी धोंडू आला आणि नुसता बघतच राहिला.

"साहेब, खुणा खंय गेल्या?"

"कसल्या खुणा? ओरखडे होते. काढले."

"बरं केलात. आता तोंडाक पावडर लावा तिच्या." तो खाली बसला. "असू दे. दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे हे कान आहेत ना, ते एका रेषेत आले पाहिजेत. नजरेनं बसवतो."

"थांब." मनमोहनराव वर गेले आणि गाडीबरोबर आलेलं मूळ पुस्तक घेऊन आले. "हे बघ. पुढचे कान आडवे, मागचे उभे. चित्रात स्वच्छ दिसतंय."

"चित्रात अर्धा शाफ्ट वरून काढलाय, अर्धा बाजूनं. वाकडा बसला तर गाडी थरथरेल."

"अरे, मी पस्तीस वर्षं आर्किटेक्ट होतो. नकाशा कसा वाचायचा ते तू मला शिकवणार?"

धोंडूनं पुस्तकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. दोन्हींत विशेष फरक त्याला दिसला नसावा. "गाडी तुमची, पुस्तक तुमचं," तो म्हणाला आणि चित्रात होता तस्साच शाफ्ट बसवून दिला.

रविवारी आठ वाजता अख्खी कमिटी गेटवर हजर. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई, ठेवणीतल्या नऊवारीत. गाडी निघाली. खाट्‌कन आवाज नाही! मनमोहनरावांनी हितेंद्रकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि दुसरा टाकला. मग तिसरा.

आणि गाडीला हिवताप भरला. आरसा फिरला, दारं बडबडू लागली.

"अहो, थांबवा!" राजलक्ष्मीबाई ओरडल्या. "मी चालत जाते. निदान पोहोचेन तरी!"

त्या उतरल्या आणि चालत पुढेही गेल्या. मनमोहनराव पुन्हा पहिल्या गिअरवर आले. त्या वेगात थरथर दिसत नव्हती. खरं तर वेगही दिसत नव्हता. मॉर्निंग वॉकवाले त्यांना मागे टाकत होते, वर तोंडभरून 'गुड मॉर्निंग' म्हणत होते. फेरीला बत्तीस मिनिटं लागली. राजलक्ष्मीबाई तोवर घरी पोहोचून चहा पिऊन गॅलरीत उभ्या होत्या.

"ही काय फेरी झाली?" हितेंद्र म्हणाला.

"ठरावात वेगाबद्दल एक अक्षर दाखव," मनमोहनराव म्हणाले. अक्षर नव्हतं. ठराव हितेंद्रनंच लिहिला होता. त्यानं दातओठ खात रजिस्टरमध्ये 'पास' लिहिलं.

धोंडू गेटपाशी पिशवी घेऊन उभा होता. त्याला राहवेना.

"साहेब, चार बोल्ट काढतो, एक तुकडा पाव फेरा फिरवतो. अर्ध्या तासाचं काम. पैसे नकोत. माझ्या हातची गाडी अशी चालताना बघवत नाही."

"कशी चालताना? पास झालेल्या गाडीला हात लावायचा नाही," मनमोहनराव म्हणाले. "आणि पुस्तकाप्रमाणे बसवलंयस, चुकेल कसं?"

धोंडूनं पिशवी खांद्याला लावली. "बरोबर," तो म्हणाला. "उभी करायलाच ठेवलीय ती. उभी छान राहील."

मनमोहनरावांना ही स्तुती वाटली. गाडीवर कव्हर चढवताना त्यांनी ती राजलक्ष्मीबाईंना गॅलरीकडे तोंड करून, मोठ्यानं, दोनदा सांगितली.