हिरव्या दोऱ्याची नळी

रेवदंड्याच्या हॉलमधल्या गुडघेदुखीच्या शिबिरात नलूबाई नाचली आणि टाळ्यांनी वरचे पत्रे हादरले. अर्ध्या तासापूर्वी हिला दोघींनी धरून आणलं होतं; मग गुडघ्यात सुई दिली.

"तुमचंच रक्त, तुमचंच अमृत!" शिबिर भरवणारे विपुलजी माईकवर गरजले. "मशीनमध्ये फिरवलं की पिवळं सत्त्व निघतं. गुडघ्यात गेलं की झिजलेली कूर्चा नवी उगवते. आजी, उद्या लंगडी खेळाल!"

नावापुढे डॉक्टर. कुठे शिकलात विचारलं, तर म्हणे, "मी सेवा करतो."

गोदूबाईचा नंबर आला. उकिडवं बसून मासळी सुकवण्यात हिचे गुडघे गेले. अलिबागला सांधा बदलायची तारीख मिळाली होती. ती रद्द करायच्या बेतात बाई इथे आली होती. सोबत भाची भक्ती, सरकारी दवाखान्यातली नर्स, तोंड फुगवून उभी.

लिलावात मासळीची पाटी बदलू नये म्हणून कोळणी पाटीला जाळ्याचा दोरा बांधतात. रक्त काढून झाल्यावर गोदूबाईने त्याच सवयीने आपल्या नळीला हिरवा दोरा गुंडाळला. कंपाउंडर हसला.

दहा मिनिटांत पिवळ्या औषधाने भरलेली सुई आली.

"थांब रं. माजी नळी दाव."

"मावशी, ती मशीनमध्ये आहे."

भक्तीने झाकण उघडलं. मशीन रिकामं! टेबलाखालच्या बादलीत मात्र नळ्यांचा ढीग, त्यात हिरव्या दोऱ्याची. रक्त लालच्या लाल, न फिरवलेलं. शेजारच्या खोक्यात पिवळ्या जीवनसत्त्वाच्या बाटल्या आणि दाढ काढताना देतात ते बधिर करायचं औषध.

"नलूमावशी, बधिर गुडघ्यावर नाचलीस," भक्ती म्हणाली. "संध्याकाळी कळेल."

नलूबाईने खुर्ची ओढून घेतली.

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही!" विपुलजी ओरडले.

"श्रद्धा माजी, रगत माजं," गोदूबाई टेबलावरून उतरली. "मंग सुईत तुजं काय हाय? भक्ती, चल गो. माजी तारीख हाय तशी ऱ्हाऊ दे."

रक्त फिरवून काढलेला प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा गुडघ्यात देण्याचा उपचार खराच आहे. काहींना त्याने काही महिने आराम पडतो, काहींना नाही. डॉक्टरांतही वाद आहे. पण त्याने झिजलेला गुडघा नवा होतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि दहा मिनिटांत कुणी नाचत नाही. घाणेरड्या सुईने सांध्यात पू मात्र होऊ शकतो. म्हणून विचारा: सुईत काय आहे? तुमची पदवी कुठली? उत्तराऐवजी जो चिडेल, त्याच्या टेबलावरून उठा. लंगडत का होईना, उठा.