दोन पाठवणारे

नागपूरच्या संस्थेला संमतीचा मेल पाचच्या आत हवा होता. नाहीतर रंजीताची लॅब टेक्निशियनची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. साडेचार वाजले होते आणि मेल पुन्हा परत आला.

"सर्व्हर डाऊन असंल," ऑनलाइन सेंटरचा मालक धम्मदीप म्हणाला.

"डाऊन असता तं परत कोणं पाठवला असता?" रंजीताने स्क्रीन स्वतःकडे वळवली. कारण खाली इंग्रजीत लिहिलं होतं: पाठवणाऱ्याच्या जागी दोन पत्ते आहेत, संदेश नाकारला. "दुसरा पत्ता कोणाचा?"

"माहा. समद्या गिऱ्हाइकांच्या मेलले जोडतो. तुमी भीमपूरची माणसं मेल उघडता कधी? उत्तर आलं की मीच फोन करतो. आजवर कोणत्याच ऑफिसानं परत नाही केला."

मेल पाठवायचा प्रोग्राम धम्मदीपने स्वतः लिहिला होता. बाकीचे सर्व्हर त्यातली चूक पोटात घालत होते. हा घालत नव्हता.

"तुमचा पत्ता काढा."

"राहू दे त्यायचा," तिचे वडील चंपतराव दारातून म्हणाले. गावाकडची बस लागली का, हे पाहायला ते सारखे उठत होते. "एकट्या पोरीचा कागद कोण घेते? तहसीलीत बी साक्षीदार लागतोच."

"बाबा, इथं साक्षीदारामुळंच हाकलून राह्यले."

धम्मदीपला हसू आलं. पण प्रोग्राम बदलायला तासभर लागणार होता.

"मंग माह्या खात्याचा पासवर्ड द्या. मोबाइलवरून पाठवते."

अर्ज भरताना खातं त्यानेच उघडलं होतं. त्याने चंपतरावांकडे पाहिलं. "काका, देऊ?"

"तिकडं काऊन पाहता? खातं माहं हाय."

पासवर्ड मिळाला. मेल गेला. या वेळी परत आला नाही, पण उत्तरही येईना. रंजीताचा अंगठा स्क्रीन खाली ओढत राहिला.

"घेतला म्हंजे वाचला असं नाही," धम्मदीप म्हणाला. "काही सर्व्हर घेतेत अन् कचऱ्यात टाकतेत."

"तुमी चूप बसा ना जरा."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. तेवढ्यात फोन थरथरला: संमती नोंदवली, सोमवारी हजर व्हा.

चंपतरावांनी फोन धम्मदीपसमोर धरला. "खरं हाय का हे?"

"खरं हाय, काका."

"चाल मंग, बस सुटते."

"थांबा," रंजीता म्हणाली. फोन परत घेऊन, दोघांकडे पाठ करून ती नवा पासवर्ड टाकत होती.