रत्नव्वाच्या किल्ल्यांचा दिवा

मित्रांनो, मी किल्ल्यांना अडकवायचा एक जुना दिवा आहे. माझे वय झाले आहे, पण माझे अंग वर्षानुवर्षे नव्यासारखे चकाकत राहिले. त्याचेच मला दुःख आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीत बसवेशचे गाड्यांच्या सजावटीचे दुकान होते. मान डोलवणारे कुत्रे, गाडी मागे घेताना गाणे म्हणणारे भोंगे, शीळ घातली की ओ देणाऱ्या किचेन, असा सगळा गमतीचा माल तिथे मिळे. मीही तिथलाच, साध्या प्लॅस्टिकचा. माझ्या शेजारी माशाच्या आकाराचा एक दिवा टांगलेला असे.

बसवेशची आई रत्नव्वा दुकानाच्या माडीवर राहत असे. दिवेलागणीनंतर तिला नीट दिसत नसे. कुलूप चाचपून चाचपून ती दार उघडायची. तिचा धाकटा भाऊ रुद्रय्या हुपरीला पैंजण घडवत असे. त्याने एकदा हे पाहिले, आणि भाच्याच्या दुकानातून मला खिशात घालून घेऊन गेला.

हुपरीत त्याने माझे प्लॅस्टिक काढून टाकले आणि मला चांदीचे अंग दिले. त्यावर बेलाचे पान कोरले. पान दाबले की मी पेटायचो. पिशवीत हात घातल्यावर मी पटकन सापडावा म्हणून त्याने पैंजणाचे एक घुंगरूही मला लावले. भाऊबीजेला त्याने मला बहिणीच्या ताटात घातले. शेजारपाजारच्या बायका मला पाहायला आल्या. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा चांगलाच फुगलो होतो.

पण चारच दिवसांत किल्लीचा एक ओरखडा माझ्यावर उठला. रत्नव्वा हळहळली. "माहेरची चांदी हाय, झिजंल की," म्हणाली, आणि मला गुलाबी कागदात गुंडाळून कपाटात ठेवले. बसवेशने तिला तो माशाचा दिवा देऊ केला, तर तिने घेतला नाही. भावाने दिलेला दिवा घरात असताना दुसरा कशाला, असे तिचे म्हणणे. मग मासा बसवेशच्या स्कूटरच्या किल्लीला गेला. त्याचा रंग उडाला, शेपूट तुटली, तरी तो रोज पेटत होता. मला त्याचा फार हेवा वाटे.

दर भाऊबीजेला सकाळी रत्नव्वा मला रांगोळीने घासून किल्ल्यांत अडकवायची. रुद्रय्या विचारायचा, दिवा चालतोय ना? "रोज लागतोय की त्यो," असे ती सांगायची. माझे घुंगरू वाजायचे आणि त्याला बरे वाटायचे. तो हुपरीच्या गाडीत बसला की मी पुन्हा कागदात जायचो.

पुढे लोडशेडिंगचे दिवस आले. एका संध्याकाळी लाईट गेली असताना रत्नव्वा जिन्यावर उभी राहून कुलूप चाचपत होती. तिचा पाय चुकला आणि ती खाली पडली. खुब्याचे हाड मोडले. मी दाराच्या आतच, कपाटात होतो.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर रुद्रय्या भेटायला आला. किल्ल्यांच्या जुडग्यात मी नव्हतो. त्याने विचारले, तेव्हा रत्नव्वाने नुसते कपाटाकडे बोट केले. त्याने कागद उलगडला आणि पान दाबले. मी पेटलो नाही. त्याने मला उघडले. आतले सेल फुगून पाझरले होते, सगळीकडे हिरवट थर चढला होता. तो बराच वेळ धोतराच्या सोग्याने मला पुसत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "म्या तुला चांदी न्हवती दिली. उजेड दिलता."

रत्नव्वाने भिंतीकडे तोंड फिरवले.

बसवेशने नवे सेल घालून पाहिले, पण मी आतून संपलो होतो. आता मी कायमचा किल्ल्यांत असतो. माझ्यावर ओरखडे पडतात आणि कुणी हळहळत नाही. मला हेच हवे होते, पण फार आधी.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात कुणाच्या मायेची एखादी वस्तू कागदात गुंडाळलेली असेल. ती आजच बाहेर काढा. झिजू द्या तिला. ज्याने दिली त्याने ती वापरण्यासाठीच दिली आहे.

रत्नव्वा आता काठी टेकत जिना चढते. दारापाशी आली की किल्ल्या काढते आणि आधी माझ्या पानावर अंगठा दाबते. मी पेटत नाही हे तिला माहीत आहे. तरी ती रोज दाबते, आणि मग कुलूप चाचपते.